आठच्या आधी येऊ नये

गॅरेज सेलच्या पाटीवर काळ्या मार्करनं ठळक लिहिलं होतं, आठच्या आधी येऊ नये. इंग्रजीत, खाली दोन रेघा मारून. तरी पावणेसातलाच एक माणूस मृदुलाच्या दारात हजर. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या उतारावर अजून धड उजाडलं नव्हतं, बारीक भुरभुर चालू होती, आणि हा गडी अर्ध्या उघडलेल्या शटरखालून वाकून आत बघत होता.

"वाचता येतं का?" मृदुलानं इंग्रजीत विचारलं.

"येतं की." तोही इंग्रजीतच म्हणाला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या खोक्यावर अडकली. "अरे... पुरणयंत्र."

हे मराठीत.

मृदुलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, सावळा, शर्टाला इस्त्री नाही, केसांवर पावसाची पूड. रस्त्यावर त्याची यूट उभी होती, मागचा हौदा उघडा असलेली, आणि तिच्यातून कांद्याचा वास इथवर येत होता.

"जाहिरातीत त्याला फूड मिल म्हटलंय," ती म्हणाली.

"माहितेय. 'फूड मिल, वजनदार. आईनं विमानात मांडीवर ठेवून आणली, मी दोनदा वापरली.' फूड मिल मांडीवर ठेवून कोण आणतं? तेव्हाच म्हटलं, बाई आपल्याकडची."

"आठला या."

"येतो. पण ते टेबल तुम्ही एकट्याच बाहेर काढणार?"

टेबल रिमूचं होतं, जुनं, अस्सल लाकूड. एकटीनं हलणारं नव्हतं. मृदुलानं तरी एक कड उचलून बघितली, कारण ती तशीच होती. कड चार बोटं वर आली आणि खाली बसली. तो हसला नाही. गुमान दुसऱ्या बाजूला गेला. एवढ्यासाठी तिनं त्याला आत येऊ दिलं.

त्याचं नाव श्रीनाथ. मूळचा निफाडचा. इथं पुकेकोहेला कांदे निवडायची, प्रतवारी लावायची यंत्रं सांभाळायचा. "अर्ध्या जगाला वळसा घालून आलो आणि पुन्हा कांद्यातच पडलो," तो म्हणाला. राहायला मात्र दोन गल्ल्या सोडून.

आता जाहिरातीबद्दल. गॅरेज सेलच्या जाहिराती म्हणजे खोटारड्यांची जत्रा. 'थोडी डागडुजी हवी' म्हणजे एक पाय गायब. 'व्हिंटेज' म्हणजे सासूचं. 'जेमतेम वापरलेलं' म्हणजे व्यायामाची सायकल, आणि ते मात्र खरं असतं. या जत्रेत मृदुलाची जाहिरात उघडी तलवार होती. सोफा डावीकडे बसतो. मायक्रोवेव्ह म्हाताऱ्यासारखा कण्हतो, पण गरम करतो. खवणीवर बसून नारळ खवतात, हे हत्यार नाही, पण अंधारात पायाला लागली तर आहे. 'अजून आहे का' असं विचारू नये. लिहिलंय म्हणजे आहे.

आणि सगळ्यात वर, पहिली ओळ. कायमची ऑस्ट्रेलियाला चाललेय, सगळं काढायचंय.

"शुक्रवारी घरी आलो की मी या जाहिराती वाचतो," टेबल ठेवता ठेवता श्रीनाथ म्हणाला. "लोक रग्बी बघतात, मी हे. घ्यायचं काही नसतं. माणसं कशी खोटं बोलतात ते बघायचं. तुमची तीनदा वाचली. अख्ख्या ऑकलंडात एक बाई खरं लिहिते... आणि नेमकी तीच देश सोडून चाललीय. कधी निघताय?"

"बुधवारी," मृदुला म्हणाली.

बोलून गेली आणि जीभ चावली. कारण अख्ख्या जाहिरातीत तेवढी एकच ओळ खोटी होती.

ती कुठेही चालली नव्हती. खाली ओनेहंगाला एका खोलीचं युनिट घेतलं होतं, गाडीनं दहा मिनिटांवर. मृदुला पस्तिशीची. शहरातल्या एका कंपनीत इमारतींचे नकाशे तपासायची, दुसऱ्यांनी काढलेल्या खांबांतल्या आणि तुळयांतल्या चुका शोधून तोंडावर सांगायची. नवरा रमण, तोही इंजिनियर. सव्वादोन वर्षांपूर्वी दोघांनी शांतपणे ठरवलं की पुरे, आणि तो ऑस्ट्रेलियात पर्थला निघून गेला. इथल्या कायद्यानं दोन वर्षं वेगळं राहावं लागतं. राहिले. गेल्या महिन्यात कागद आले. कोणी कोणाला मारलं नाही, फसवलं नाही. आवडेनासे झाले होते एकमेकांना. होतं असं.

पण लोकांना तिनं सांगितलं होतं, रमण साइटवर गेलाय. दोन वर्षं तो साइटवरच. आता घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा त्याच खोट्याला जोडून हे ऑस्ट्रेलिया.

का, ते ऐका. हिल्सबरो आणि आसपासच्या मराठी बायकांचा एक गट आहे. आशालताकाकू त्याच्या प्रमुख. या बाईंनी जन्मात कोणाचं वाईट केलेलं नाही. फक्त चांगलं करताना त्या यादी करतात. तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. अक्षता नावाची मुलगी आली होती, नुकताच घटस्फोट झालेला. कुयरी घेऊन काकू एकेकीला कुंकू लावत आल्या, अक्षतापाशी थांबल्या, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तू लाडू घे गं. दोन घे."

मृदुला अक्षताच्या शेजारीच बसली होती. जगाच्या खांबांतल्या चुका काढणारी ही बाई त्या दिवशी खाली मान घालून स्वतःच्या ताटलीतल्या लाडवाकडे बघत राहिली. अक्षता पुन्हा कुठल्याच घरी आली नाही. ते दोन लाडू मृदुलाला अजून गिळता आलेले नव्हते. स्वतःची पाळी आली तेव्हा ती सरळ खोटं बोलली. समाज म्हणजे काय, तर आधी खोटं बोलायला लावायचं आणि नंतर खोटी म्हणून नावं ठेवायची. ऑकलंड असो की पुणे, कारखाना तोच.

असो. आठ वाजले.

आधी आले व्यापारी. हे लोक बोलत नाहीत. कप उलटा करून त्याचं बूड बघतात आणि ठेवून देतात. मग आलं एक म्हातारं जोडपं, ज्यांना काही नको होतं, त्यांना फक्त कोणाशी तरी बोलायचं होतं. त्यांनी आपल्या बागेतले पिशवीभर फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, देऊन टाकले आणि बसले ते बसलेच. एक बाई खवणी हातात घेऊन "ही कशाला?" म्हणाली. मृदुलानं टेबलावर चढवून, वर बसून दाखवलं. बाईनं तिचा फोटो काढला, खवणी नाही घेतली. एक गृहस्थ सोफ्यावर डावीकडे बसले, उजवीकडे बसले, पुन्हा डावीकडे बसले आणि म्हणाले, "यू आर राइट." मग सोफा घेतला.

आणि आपले लोक. आपले लोक वस्तू बघायला येत नाहीत, वस्तू का विकताय ते बघायला येतात. हात इस्त्रीवर, डोळे आतल्या खोलीत.

साडेआठला श्रीनाथ परत आला.

"ही इस्त्री चालते?"

"चालते म्हणून तर ठेवलीय."

"मग घेतो."

"भाव नाही करणार?"

"करायला हवा का?"

"मराठी माणूस घासाघीस न करता वस्तू उचलतो तेव्हा भीती वाटते," ती म्हणाली. "एक तर वस्तूत खोट असते, नाहीतर माणसात."

"माणसात आहे," तो म्हणाला, आणि इस्त्री घेऊन गेला.

मृदुलाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून ते जरा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्याकडे बघून हसतेय. त्यानं न मागता दोन खुर्च्या घेतल्या.

साडेनऊला तो पुन्हा आला तेव्हा पाऊस जोरात होता. ऑकलंडचा पाऊस, सांगून येत नाही. बाहेरच्या टेबलावर पुस्तकांची खोकी उघडी पडली होती आणि मृदुला दोन्ही हातांत दिवा धरून उभी. श्रीनाथनं अंगातलं जॅकेट काढलं, खोक्यांवर टाकलं, खोकी एकेक करून आत आणली. सगळी आत आल्यावर बाहीनं स्वतःचं डोकं पुसलं. कांद्याचा वास, ओल्या लोकरीचा वास... आणि पापणीवर एक थेंब, पडू की नको करणारा. मृदुला त्या थेंबाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्यानं ते पाहिलं. 

मग दोघं शटरखाली उभं राहून फिजोआ खाऊ लागले, एकाच चमच्यानं, कारण बाकीचे विकले गेले होते.

"एकटेच राहता?" तिनं विचारलं. आडपडदा तिला जमत नव्हता.

"एकटाच. घरचे चार वर्षं बायोडाटा पाठवत होते. मग मीच थांबवलं."

"का?"

"तीच जाहिरात हो. गोरी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. एकीच्याही बायोडाटात नाही की सोफा डावीकडे बसतो. आणि माझाही तसाच, निर्व्यसनी, सुस्वभावी. मी सुस्वभावी नाहीये. मला सकाळी नऊपर्यंत कोणी बोललेलं चालत नाही."

"आज पावणेसातला बोलत होतात."

"तेच म्हणतोय," तो हळूच म्हणाला.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मृदुलानं चमचा त्याच्या हातात दिला, बोटं लागली, आणि तिनं ती लगेच काढून घेतली नाहीत.

"आणि जुन्या वस्तू?" तिनं विचारलं. "वापरलेल्या. तुमच्या निफाडला काय म्हणतात त्यांना?"

"आमच्याकडे शहाणा माणूस जुना ट्रॅक्टर घेतो. नव्याचं काय, अजून चढच चढलेला नाही. जुन्यानं चढ चढून दाखवलेला असतो." तो थांबला. "का हो?"

"काही नाही. उगाच."

त्याला कळलं नव्हतं की प्रश्न वस्तूंबद्दल नव्हता. तिला मात्र कळलं होतं की उत्तर आवडलं. स्वतःची बरोबरी ट्रॅक्टरशी झाल्याचा आनंद व्हावा अशी बाई ऑकलंडात बहुधा ती एकटीच असेल.

"बुधवार..." तो बाहेर बघत म्हणाला. "तुमचं बुधवारचं विमान सकाळचं की—"

"संध्याकाळचं," मृदुला म्हणाली. आता खोट्याला वेळसुद्धा मिळाली. खोटं असंच असतं. आधी एका ओळीचं, मग त्याला तारीख लागते, मग वेळ, मग विमान.

सांगून टाकावं, तिच्या मनात आलं. आत्ताच. पण हा माणूस आला होता तो खरं लिहिणाऱ्या बाईकडे. जॅकेट भिजवलं ते तिच्यासाठी. पहिलीच ओळ खोटी निघाली तर बाकीच्या ओळींवर तो काय म्हणून विश्वास ठेवेल? गटाच्या मताची भीती जुनीच होती, पण एका माणसाच्या मताची भीती मृदुलाला जन्मात पहिल्यांदा वाटली. तिचा तिलाच राग आला.

सव्वाअकराला तो गिऱ्हाईक म्हणून तिसऱ्यांदा आला. मागच्या खेपेला पुरणयंत्र नेलं होतं, या खेपेला लाकडी स्टूल. स्टूल उचलून तो यूटकडे वळला, तेवढ्यात रस्त्याकडेला एक गाडी थांबली आणि तिच्यातून आशालताकाकू उतरल्या. जरीची साडी, वर रेनकोट, मागे गटातल्या दोघी. काकूंच्या हातात तबक. तबकात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू.

"मृदुला, अगं सांगायचं नाही का? ती जाहिरात बघितली म्हणून कळलं आम्हाला." काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "पण बरं झालं हो. दोन वर्षं नवरा तिकडे नि बायको इकडे, हा काय संसार? चाललीस एकदाची रमणकडे. ये, ओटी भरते. नवऱ्याच्या घरी निघालेल्या सवाष्णीला असं कोरडं पाठवायचं नसतं."

स्टूल घेतलेला श्रीनाथ दोन हातांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. नवऱ्याच्या घरी. त्यानं स्टूल अलगद खाली ठेवलं, कोणाकडेही न बघता "येतो मी" म्हणाला, आणि भिजलेलं जॅकेट खांद्यावर टाकून यूटकडे चालू लागला.

"ओढणी नाहीये अंगावर? काय गं हे, हुडी," काकू म्हणत होत्या. "तो टेबलक्लॉथ घे. चालतो. पसर."

मृदुलानं टेबलक्लॉथ उचलला. दोन मिनिटांचं काम होतं. पसरायचा, नारळ घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा. गट खूश. ओनेहंगाच्या दुकानात कधी भेटल्याच, तर आणखी एक खोटं. जमलं असतं. दोन वर्षं जमलंच होतं की.

रस्त्यावर यूटचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काकू, तबक खाली ठेवा," मृदुला म्हणाली. काकू समोर उभ्या होत्या, पण तिचा आवाज रस्त्यापर्यंत जाईल एवढा होता, आणि ते तिनं मुद्दाम केलं. "मी ऑस्ट्रेलियाला जात नाहीये. रमण साइटवर नाही. आमचा घटस्फोट झालाय. गेल्या महिन्यात कागद आले. मी ओनेहंगाला राहायला चाललेय, एकटी, माझ्या मर्जीनं."

गॅरेजमध्ये कप उलटा करून बघणारा व्यापारीसुद्धा थांबला. मराठी येत नसली तरी सूर सगळ्यांना कळतो.

"अगं..." काकूंचा आवाज बसला. "आम्हाला सांगितलं असतंस तर—"

"तर मला लाडू मिळाला असता. दोन मिळाले असते."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. आठवलं त्यांना. मागच्या दोघींनाही आठवलं, त्या एकदम फिजोआच्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"तेव्हा मी अक्षताच्या शेजारी बसले होते आणि बोलले नाही," मृदुला म्हणाली. आता आवाज हळू होता, पण हलत नव्हता. "ती माझी चूक. तुमची तुम्ही बघा. काकू, तुम्ही मायेनं आलात, ते मला कळतं. म्हणून ओटीला मी नाही म्हणत नाही. हा बघा, पसरलाय मी." तिनं टेबलक्लॉथ दोन्ही हातांत धरला. "भरायची तर माझी भरा. रमणच्या बायकोची नको."

काकू नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांची सवय त्या हातात होती, आणि समोर ही. हात पुढे आला... आणि टेबलाकडे वळला. नारळ त्यांनी बशांच्या शेजारी ठेवला.

"मला जरा विचार करू दे गं," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या नावावर लिहायला हरकत नाही. तिघी गाडीत बसल्या आणि गेल्या.

म्हाताऱ्या जोडप्यातल्या आजोबांनी नारळ उचलून विचारलं, "हाऊ मच?"

"तो विकायचा नाही," मृदुलानं सांगितलं. "त्याचं अजून ठरायचंय."

आणि ती पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत ओल्या उतारावरून खाली निघाली.

यूट सुरू होती, पण हलली नव्हती. वायपर काचेवर फिरत होते. तिनं खिडकीवर टकटक केली. श्रीनाथनं काच खाली घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत बसला.

"ऐकलंत?" तिनं विचारलं.

"अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

"बरं झालं. पुन्हा सांगायला नको."

"म्हणजे पहिली ओळ खोटी."

"हो."

"बुधवार?"

"खोटा."

"संध्याकाळचं विमान?"

"तेही. बाकी सगळं खरं. हवं तर सोफेवाल्याला विचारा."

तो हसला नाही. मृदुला तिथून हलली नाही. नकोच असेल तर त्यानं तसं सांगावं. पाठ फिरवून आपण जायचं नाही.

"मला राग आलाय," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून नाही. माझ्या घरी इस्त्र्या दोन आहेत. ही तिसरी. मीही काही हरिश्चंद्र नाही."

"मग कशाचा?"

"सकाळपासून मी हिशेब करतोय की... जाणाऱ्या बाईला थांबा कसं म्हणायचं. तीन खेपा मारल्या तेवढ्यासाठी. काय अधिकार आपला, असं म्हणून प्रत्येक खेपेला काहीतरी उचलून घरी गेलो. आणि तुम्ही मुळात जाणारच नव्हतात."

पाऊस थांबला होता. पागोळ्या मात्र गळत होत्या, तिच्या हुडीवर, त्याच्या खिडकीवर टेकलेल्या हातावर. दूर खाली मनुकाऊ खाडीच्या पाण्यावर उजेडाचा एक पट्टा पडला होता.

"माझं ऐका," मृदुला म्हणाली. "मला तुम्ही आवडलात. पावणेसातला नाही, पावणेसातला तुम्ही आगाऊ होतात. साडेनऊला. आधी माझी पुस्तकं झाकलीत, मग डोकं पुसलंत, तेव्हा. हे मी कोणाला असं कधी सांगितलं नाही, रमणलाही नाही, त्याचं नि माझं पत्रिका बघून जमलं होतं. मी भांडते. चुका काढते. नऊच्या आधी बोलते. एकदा लग्न होऊन मोडलंय. ही सगळी माहिती आहे, आणि यातली एकही ओळ खोटी नाही."

श्रीनाथनं किल्ली काढून खिशात टाकली. मग दार उघडून खाली उतरला आणि तिच्यासमोर, ओल्या गवतावर उभा राहिला. आता त्याला बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. कांद्याची प्रत एका नजरेत ओळखणारा माणूस, पण शब्द काही हाताला लागेना.

"तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं ना," ती म्हणाली. "तीन खेपा मारल्यात."

"आता त्याचा काय उपयोग? तुम्ही इथेच आहात."

"तरी म्हणा. एवढं घोकलंत ते वाया कशाला घालवायचं?"

त्यानं घसा खाकरला. गॅरेजच्या दारात आजोबा, आजी आणि कपवाला व्यापारी ओळीनं उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती, आणि जाण्याची कोणालाही घाई नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "जाऊ नकोस... थांब ना."

मृदुलानं त्याच्या मनगटावर हात ठेवला, ओला, थंड, आणि सगळ्या गल्लीसमोर तो तिथेच राहू दिला.

"थांबले," ती म्हणाली.